आमच्या बॅटरीला लागलेली दृष्ट

माझ्या थोरल्या बहिणीने गाडी रंगवून घेतली, म्हणून आमच्या बॅटरीचं पाणी उकळलं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. पण आमच्या घरात तिकडे निपाणीला काही घडलं, की इकडे शहापुरात काहीतरी जळतंच. बहुतेक वेळा मी जळते. त्या खेपेला बल्ब जळले, एवढाच फरक.

आक्का निपाणीला दिलेली. दाजींचा तंबाखूचा व्यापार. मी बेळगावातल्या शहापुरात, आणि आमचे हे कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून. आक्का माझ्यापेक्षा थोडी मोठी, पण प्रत्येक गोष्ट तिला माझ्या आधी मिळाली. आधी परकर मिळाला, आधी नवरा मिळाला, आधी मिक्सर मिळाला. (परकर पुढे तिचाच जुना मला मिळाला. नवरा तेवढा मला नवा मिळाला, हे आईवडलांचे उपकार.) सत्तरचं दशक संपता संपता दाजींनी पांढरीशुभ्र मोठी गाडी घेतली, आणि माझं जेवणावरचं लक्षच उडालं.

"अहो, आपण पण गाडी घेऊया."

"अगं, कचेरी सायकलीवरनं दहा मिन्टांवर हाय!"

"आक्काचं दुकान तर घराच्या खालीच हाय. तरी घेतलीच न्हवं त्यांनी?"

ह्यांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. शेवटी कॅम्पातल्या बदली झालेल्या एका लष्करी साहेबाची जुनी, लहानखुरी हिरवी गाडी आमच्या दारात आली. साहेब निघताना गाडीकडे बघून हळहळले. ते गाडीसाठी की आमच्यासाठी, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

गाडी आली, मी जेवायला लागले. तेवढ्यात आक्का आली! तिची गाडी नुकती रंगवलेली, अशी लखलखीत की दारात उभी राहिली तशी समोरच्या माग चालवणाऱ्या विणकराच्या बायकोने तिच्यात बघून कुंकू नीट केलं. शेजारी आमची हिरवी. उन्हात वाळत घातलेल्या चटणीच्या फडक्यासारखी.

"कुठं दिलीस गं रंगवायला?" मी अगदी सहज विचारलं. (सहज विचारायला फार जोर लागतो.)

"कोल्हापूरला. मोठ्या ग्यारेजात," आक्का म्हणाली. "तिथं नंबरच लागत न्हाय. तुझ्या दाजींची वळख हाय म्हणून झालं."

आमची कोल्हापुरात ओळख नव्हती. आमच्या ओळखीत एकच रंगारी होते, माझ्या आईचे चुलतभाऊ परशूमामा. मामांनी जन्मभर बैलगाड्या आणि जत्रेतले रथ रंगवले. खानापूरच्या बाजूला मामांनी रंगवलेल्या बैलगाड्या लोक लांबून ओळखायचे. मी सांगावा धाडला. मामा ब्रशांची पिशवी घेऊन दुसऱ्या दिवशी हजर.

"आक्काच्या गाडीपेक्षा जास्त चमकली पाहिजे, मामा."

"तिच्या गाडीपेक्षा?" मामा का कुणास ठाऊक, मिशीतल्या मिशीत हसले. "देतो की! पर माझं काम आत-भाईर असतंय. वरवर रंग मला जमत न्हाय."

"आत कशाला?"

"आतनं रंग न्हाय दिला तर लाकूड कुजतंय, पोरी."

"मामा, हे लोखंड आहे."

"मग गंजंल की!"

मामांनी बॉनेट उघडलं. आतला पत्रा बघून त्यांना गाडीची दयाच आली. "लई हाल केल्यात बिचारीचं," म्हणाले. मग ह्यांनी स्क्रू काढून द्यायचे आणि मामांनी मागचा पत्रा रंगवायचा, असं काम सुरू झालं. हॉर्न काढला, मागे हिरवा. बॅटरी उचलली, खाली हिरवा. एका बाजूला काळी डबी होती, तिला कटआउट म्हणतात हे आम्हाला पुढे कळलं. डायनामोकडून बॅटरीकडे येणारा करंट ती आवरून धरते. तीही खोलली, मागे दोन हात हिरवा रंग दिला, वर वॉर्निश, आणि वाळल्यावर डबी परत जागच्या जागी. शेवटी मामांनी बॉनेटच्या आतल्या अंगाला पिवळ्या रंगात एक सुंदर कमळ काढलं.

"मामा, इथं कोण बघणार?"

"द्येव बघतोय," मामा म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.

त्या संध्याकाळी आम्ही किल्ल्याच्या तलावापर्यंत चक्कर मारली, आणि चमत्कार झाला. आमच्या गाडीचे दिवे! आधी ते अंधाराला नुसते चाचपडत असायचे. आता रस्ता पांढराफेक. समोरून येणारा टांगेवाला डोळ्यांवर हात धरून कानडीत आमच्या सात पिढ्यांची चौकशी करून गेला.

"बघा! रंगाने उजेडसुद्धा वाढला!" मी म्हणाले.

"रंगाचा आणि उजेडाचा काय संबंध?" हे पुटपुटले. पण त्यांनाही आनंद झाला होता. दाजींसमोर तेही काही कमी जळत नव्हते, फक्त ते पेपर तोंडापुढे धरून जळायचे.

नेमकं त्याच वेळी आमच्या धाकट्या भावाचं, वसंताचं लग्न ठरलं. मुलगी कणकुंबीकडची. लग्न तिच्या गावात, आणि वरात जंगलातल्या रस्त्याने आमच्या गावी यायची, खानापूरजवळ. वरातीला गाडी कुणाची, हा प्रश्न आला. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्या बहिणीची गाडी, तीच करवली होऊन हातात पाण्याचा करा घेऊन पुढच्या सीटवर बसणार. सगळं गाव दारादारात उभं राहून आधी तिला बघणार, मग नवरीला! आता तुम्हाला कळलं असेल. माझा सगळा जन्म त्या पुढच्या सीटसाठी होता.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, दोन्ही गाड्या बघितल्या. दिवेलागणीला शहापुरात येऊन आमच्या गाडीपुढे उभे राहिले. ह्यांनी इंजिनाला रेस दिली. आप्पा डोळे मिटून मागे सरले.

"जंगलाचा रस्ता हाय. ज्येचा उजेड जास्ती, त्येच्या गाडीतनं वरात," आप्पांनी निकाल दिला. "सुमे, करवली तू."

मी आनंदाने त्याच आठवड्यात निपाणीला गेले. आक्काला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पान लावलं आणि मग स्वतः येऊन आमच्या गाडीचे दिवे लावून बघितले. बराच वेळ बघत राहिली.

"लई झगझगीत हाईत गं," म्हणाली. एवढंच.

परतीच्या वाटेवर, संकेश्वरच्या अलीकडे, दोन्ही बल्ब एकदम गेले. फट्, फट्!

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

घरी येऊन मी मीठ, मोहरी आणि मिरच्या घेतल्या आणि गाडीवरून उतरवून टाकल्या. चुलीत मिरच्यांचा ठसकासुद्धा आला नाही. म्हणजे दृष्ट पक्की! हे नवे बल्ब घेऊन आले. ते चार दिवसांत गेले. पुन्हा दृष्ट काढली, पुन्हा बल्ब आणले. शहापुरातला बल्बवाला ह्यांना बघितलं की स्टूल पुढे करायला लागला. पुढे पुढे तर हे बल्बांचा एक बिस्किटांचा डबाच गाडीत ठेवायला लागले. लोक जसा पानाचा डबा ठेवतात, तसा.

मग बॅटरीला तहान लागायला लागली. आज पाणी घालावं, तर परवा कोरडी. "आपली गाडी पेट्रोलपेक्षा पाणी जास्त पिते," मी शेजारणींना कौतुकाने सांगायची. बॉनेटमधून कुजक्या अंड्यांसारखा वास यायचा. हे रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी वाकून बॅटरीत पाणी घालायचे. एक दिवस कचेरीत साहेबांनी ह्यांना उठून उभं राहायला सांगितलं, मागे वळायला सांगितलं आणि विचारलं, "एनप्पा इदु?" (कानडीत, हे काय रे बाबा?) पॅन्टीला बॅटरीचं ॲसिड लागून इतकी भोकं पडली होती, की आतली पट्ट्यापट्ट्याची चड्डी सगळ्या कचेरीने मोजून घेतली.

"हीसुद्धा आक्काची दृष्ट," मी म्हणाले.

"माझ्या चड्डीवर आक्काची दृष्ट?" हे इतके ओरडले की शेजारच्या मागावरची पळती धोटी थांबली.

शेवटी गाडी कॅम्पातल्या मिस्त्रीकडे नेली. (हल्लीच्या गाड्या आपल्या दुखण्याचा नंबर स्वतःच सांगतात म्हणे. आमचा नातू एक यंत्र जोडतो आणि ते लगेच बोलतं, बॅटरीचं व्होल्टेज जास्त झालंय. आमच्या गाडीला बोलता येत नव्हतं आणि मला ऐकून घेता येत नव्हतं.) मिस्त्रीने मीटर लावला, ह्यांना रेस द्यायला सांगितली. काटा सरसर चढला.

"चौदाच्या आसपास रहायला पाहिजे, बाई. ह्यो सतराच्या म्होरं पळतोय. व्होल्टेज लई चढतंय. कटआउट गेलाय."

कटआउट बदलला. काटा पुन्हा सतराच्या पुढे! दुसऱ्या गाडीतला चांगला चालणारा कटआउट आणून लावला. तरी तेच. मिस्त्री डोकं खाजवायला लागला.

"डबीत काय न्हाय. गाडीतच कायतरी हाय."

"हेच मी कधीपासून सांगतेय!" मी म्हणाले.

"अर्थिंग बघायला पायजे," म्हणत त्याने कानस उचलली. "डबीखालचा रंग जरा घासतो..."

"रंगाला हात लावायचा नाही!"

"बाई, एवढासाच..."

"वरात होईपर्यंत एक ओरखडा उठला तर बघा! नवा रंग आहे!" मी छत्री घेऊन बॉनेट आणि मिस्त्री यांच्या मधे उभी राहिले. हे रस्त्याच्या पलीकडे जाऊन चर्चकडे बघत होते, जणू आमची ओळखच नाही. मिस्त्रीने कानस खाली ठेवली आणि हात जोडले. गाडी जशी होती तशी घरी आली. वर मी तिच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि रेडिएटरपुढे बिब्बा.

लग्न लागलं. जेवणं झाली. दिवे लागायच्या वेळेला वरात निघाली. पुढे बँड, त्यामागे डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं, मग आमची हिरवी. स्टिअरिंगवर हे, शेजारी मी, नऊवारी शालू आणि हातात करा. मागच्या सीटवर वसंता आणि नवरी. आणि आमच्या मागे, आमची धूळ खात, आक्काची पांढरी गाडी! मी मुद्दाम काच खाली करून एकदा मागे बघितलं. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला नंतर कधीच वाटलं नाही.

पण वरात चालते मुंगीच्या पावलाने. इंजिन हळू, तर दिवेही मंद. गॅसबत्तीपुढे आमचे दिवे दिसेनात.

"अहो, उजेड कुठाय?"

"रेस दिल्याबिगर येत न्हाई."

"मग द्या की!"

ह्यांनी रेस दिली. गाडी उसळून पुढे गेली आणि बँडवाले पळायला लागले. ढोलवाला बांधावर चढला. सनईवाला पळता पळता मागे वळून ओरडला, "ओ साहेब! वरात हाय का शर्यत?"

मग ह्यांनी क्लच दाबून जागच्या जागी रेस दिली. काय उजेड पडला म्हणून सांगू! झाडं पांढरी झाली. बायका डोळ्यांवर पदर घेऊन "अगं बया बया!" करायला लागल्या. "आणखी!" मी म्हणाले. ह्यांनी आणखी दिली. फट्! डावा दिवा गेला. ह्यांनी उतरून डब्यातला बल्ब लावला. फट्! उजवा गेला. तोही लावला. असं करत करत आम्ही नवरीच्या गावच्या वेशीपर्यंत आलो आणि ह्यांचा डबा रिकामा झाला.

मागून वसंता म्हणाला, "सुमाक्का, वास कसला यायलाय गं?"

नवरीने शालूच्या पदराने नाक दाबलं होतं. बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. आत काहीतरी रटरट शिजत होतं. मग एक मोठा आवाज झाला, आणि बॅटरीचं झाकण उडून बॉनेटला आतून आपटलं. बँड थांबला. सगळी वरात गाडीभोवती गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "पेटतीया वाटतं!"

आप्पा पुढे आले. तोंड लालबुंद.

"सुमे, उतर खाली. नवरानवरीला आक्कीच्या गाडीत बसवा."

मी करा पोटाशी घट्ट धरला. जन्मभराची वाट बघितलेली सीट, आणि आमचं गाव तर अजून लांबच होतं! "आप्पा, दोन मिन्टं," मी म्हणाले. रडूच फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात नवरीची आजी काठी आपटत आली. "न्हाई हां! एकदा गाडीत बसलेली नवरी उंबऱ्याबिगर खाली उतरवत न्हाईत. अपशकुन हुतोय!"

नवरी उतरायची नाही, गाडी हलायची नाही. आप्पा आभाळाकडे बघायला लागले. आणि मागच्या पांढऱ्या गाडीचं दार उघडून आक्का खाली उतरली. पान चघळत, अगदी सावकाश. तिने पदर खोचला, ह्यांना बॉनेट उघडायला लावलं, गॅसबत्ती जवळ घेतली आणि आत बघितलं. कमळ बघून तिला ठसका लागला.

"परशूमामा न्हवं?"

मी मान हलवली.

"डबीखाली बी रंग दिलाय?"

"आत-भाईर," हे म्हणाले.

आक्काने कमरेच्या चंचीतून सुपारी कातरायचा अडकित्ता काढला. ह्यांना कटआउटचे स्क्रू ढिले करायला लावले आणि अडकित्त्याने मागचा हिरवा रंग खरडून काढला. खर्र, खर्र! माझ्या काळजावर चरे उठत होते. खालचा पत्रा दिसायला लागला, तशी तिने डबी परत आवळायला लावली. झाकण बसवलं, कुणाच्या तरी तांब्यातलं पाणी बॅटरीत ओतलं. "आमच्या गाडीतलं दोन जादा बल्ब घ्या, भावजी. आता द्या रेस."

ह्यांनी रेस दिली. दिवे पेटले आणि पेटलेलेच राहिले. फट् नाही, वाफ नाही. सगळ्या वरातीने टाळ्या वाजवल्या. "आक्काबाई लई हुशार!" ढोलवाल्याने तर तिच्या नावाने एक थाप मारली.

मी तिला बाजूला ओढलं. "तुला गं कसं ठाऊक?"

"आमची बी गाडी असंच बल्ब खात हुती. डबीला पत्र्याचं अर्थिंग मिळंना झालतं, रंगामुळं; मग ती करंट आवरंना. आमच्या बॉनेटमदी मोर हाय."

"म्हणजे तुझी पण परशूमामांनी रंगवली? आणि कोल्हापूरचं ग्यारेज?"

"आता भैन नवी गाडी घिऊन दारात उभी करतीया, आन मी म्हणू, आमचा रंग बैलगाडीवाल्या मामानं दिला?" आक्का पहिल्यांदाच जरा ओशाळली. "तुझी हिरवी आली तवापास्नं मला बी नीट झोप न्हाय, सुमे."

"अगं, मग दिवे बघितलेस तेव्हा तरी सांगायचं होतंस!"

"सांगणार हुते. पर तू एवढ्या तोऱ्यात करवली झालीस म्हणून सांगाय आलतीस, की म्हटलं जळू देत चार बल्ब."

एवढं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आक्कासुद्धा माझ्यावर जळत होती! इतकी वर्षं मी एकटीच कष्ट करतेय असं समजत होते. मी तिला मिठी मारणार, इतक्यात आप्पांचा आवाज आला.

"रस्ता जंगलाचा हाय. वाटेत परत कायतरी झालं तर? आक्के, तू बस म्होरं. अडकित्ता घिऊन बस. सुमे, करा दे तिच्याकडं आन तू मागच्या गाडीत जा."

नवरीला उतरवणं अपशकुन होतं. करवलीला उतरवण्याबद्दल कुणाच्याही आजीचं काहीच म्हणणं नव्हतं.

वरात पुन्हा निघाली. मी पांढऱ्या गाडीत दाजींच्या शेजारी बसले. दाजींनी समजूतदारपणे पानाचा डबा पुढे केला. पुढे आमची हिरवी, लखलखीत रंगाची, सरळ स्वच्छ उजेड टाकत चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून बघत होती. माझी गाडी मी मागून अशी चालताना कधी बघितलीच नव्हती. आणि खरं सांगते, ती इतकी देखणी दिसत होती, इतकी देखणी दिसत होती, की तिच्या मालकिणीचा मला भयंकर हेवा वाटला.